गियरबॉक्समध्ये शिरलेले पाणी: गुहागर तालुक्यातील एका गाडीचे प्रकरण

गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीत हे प्रकरण घडले. गाडी पाच गियरची, पेट्रोलवर चालणारी, पुढच्या चाकांना जोर देणारी साधी हॅचबॅक होती आणि मीटरवर 78,000 किलोमीटर झालेले होते. मालक निवृत्त शिक्षक असून त्यांनी ही गाडी 2022 साली चिपळुणात वापरलेली म्हणून विकत घेतली होती. घेतल्यापासून इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलले गेले होते, परंतु गियर ऑइल पूर्वी कधी बदलले होते का, आणि बदलले असल्यास कोणते घातले होते, याची कुठेही नोंद नव्हती. वापरलेल्या गाडीच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे, कारण गियर ऑइल संपल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागत नाही आणि दर सर्व्हिसिंगला त्याची आठवण करून देणारेही सहसा कोणी नसते.

तक्रार पावसाळा संपता संपता सुरू झाली. सकाळी गाडी काढली की पहिल्यावरून दुसरा गियर टाकताना दांडा अडकत असे आणि जोर लावल्यास करकर आवाज येई. पाच-सहा किलोमीटर गेल्यानंतर हा त्रास पुष्कळ कमी होई. त्याखेरीज तिसऱ्या गियरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटर सोडला असता बारीक, ओढल्यासारखा सूर ऐकू येऊ लागला होता. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेव्हा ती उभ्या उभ्या पाहून क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला मिळाला. हा खर्च करण्यापूर्वी खरोखर क्लचचाच दोष आहे का, हे तपासावे असे मालकांच्या पुतण्याने सुचवले. तो पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो आणि सुट्टीत गावी आला होता. मी त्यांचा शेजारी असल्याने पुढील सर्व कामात सोबत होतो.

क्लचची तपासणी अवघ्या काही मिनिटांची असते आणि ती कोणालाही करता येते. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये उभी करावी, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच नीट सुटत नसेल तर आतील शाफ्ट फिरतच राहतो आणि रिव्हर्स हमखास करकरतो, कारण बऱ्याच साध्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग, म्हणजे गियर पडताना दोन भागांचे वेग जुळवणारी पितळी कडी, नसते. या गाडीत रिव्हर्स न कुरकुरता पडला. चढावर वरच्या गियरमध्ये जोर दिला तरी इंजिनचे फेरे नुसतेच वाढत नव्हते, म्हणजे क्लच घसरतही नव्हता. गाडी थंड असताना त्रास आणि तापल्यावर आराम, हे लक्षण मुख्यतः सिंक्रो रिंगा आणि तेल यांच्याकडे बोट दाखवते. गाडी उचलून क्लच काढण्याआधी तेल काय सांगते ते पाहावे, असे त्यामुळे ठरले.

जागा, आधार आणि जांभ्याचा चिरा

घरी गियर ऑइल बदलण्यात खरा धोका तेलाचा नसून गाडीखाली शिरण्याचा असतो. कोकणात हाताशी असलेली वस्तू म्हणजे जांभ्याचा चिरा, आणि चाक काढल्यावर गाडीखाली चिरा सरकवण्याची सवय जवळपास प्रत्येक वाडीत दिसते. चिरा भिंतीत चांगले वजन पेलतो, कारण तेथे भार सबंध पृष्ठभागावर पसरलेला असतो. जॅकच्या ठिकाणी मात्र चासिसची अरुंद कड एका रेषेत टेकते आणि सच्छिद्र जांभा कोणतीही पूर्वसूचना न देता तेथून फुटतो. त्यामुळे गाडीखाली जाण्यासाठी चिऱ्याचा आधार घेऊ नये, हे मी निःसंदिग्धपणे सांगेन, मग तो चिरा कितीही कडक वाजत असो.

या प्रकरणात पाडलेल्या गोठ्याच्या जुन्या तुळईचे सारख्या जाडीचे रुंद ठोकळे कापलेले होते. एकेक चाक जॅकने उचलून चारही चाके या ठोकळ्यांवर घेतली, पुढे-मागे पाचरी ठोकल्या आणि दुसरा आधार म्हणून पुढच्या बाजूला दोन लोखंडी स्टँड लावले. अंगणातील माती मऊ असल्याने जॅकखाली फळी घातली होती. चारही चाके वर घेण्याचे कारण असे की गियर ऑइलची पातळी गाडी सपाट असतानाच खरी कळते, आणि नुसता पुढचा भाग उचलला तर तेल मागे सरकून पातळी चुकीची दिसते. त्यातही पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून कोकणातील अंगणाला मुद्दाम उतार दिलेला असतो. शेजारी गवंडीकाम करणारे एक गृहस्थ पाणसळीची पारदर्शक नळी घेऊन आले आणि त्यांनी चारही दारांखालच्या पट्टीशी पाण्याची रेघ जुळवून दिली. मागच्या उजव्या चाकाखाली आणखी एक पातळ फळी घालावी लागली, तेव्हा गाडी सपाट झाली.

आधी वरचा प्लग

अशा गियरबॉक्सला बहुधा दोन प्लग असतात. तळाशी तेल सोडण्याचा ड्रेन प्लग आणि बाजूला थोड्या उंचीवर तेल भरण्याचा फिलर प्लग. फिलरच्या भोकाची खालची कड हीच तेलाची पातळी असते. या कामाचा पहिला नियम पुतण्याने काकांना सुरुवातीलाच सांगून ठेवला: "काका, वरचा सुटल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही." कारण उघड आहे. खालचा प्लग काढून तेल सोडून दिले आणि नंतर वरचा गंजून बसल्याचे लक्षात आले, तर गाडी तेलाविना अंगणात अडकून पडते आणि टोइंगवाल्याची वाट पाहावी लागते.

किनाऱ्यावर हा नियम जास्तच लागू पडतो. प्लग पोलादी आणि गियरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे, आणि दोहोंच्या मध्ये खारट ओलावा, म्हणजे गंजासाठी लागणारे सर्व साहित्य तयार असते. फिलर प्लगची चौकोनी खाच लाल माती आणि गंज यांनी काठोकाठ भरलेली होती. ती खिळ्याने कोरून, तारेच्या ब्रशने घासून मोकळी केल्यावरच 3/8 इंची चौकोनी टोक आत पूर्ण बसले. टोक अर्धवट बसलेले असताना जोर लावला तर खाचेच्या कडा गोल होतात आणि मग प्लग काढण्यासाठी वेल्डिंगवाल्याला बोलवावे लागते. खाच साफ झाल्यावर गंज सोडवणारा डब्ल्यूडी-40 फवारा मारून तो दिवसभर तसाच ठेवला होता.

संध्याकाळी गाडी ठोकळ्यांवर चढवण्यापूर्वी ती शृंगारतळीपर्यंत नेऊन आणली. गरम तेल लवकर उतरते, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. येथे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते: उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम कवचातील पोलादी प्लग किंचित सैल होतो. प्लगवर हातोडीने हलके ठोके दिले, लांब दांड्याला पाइपचा तुकडा जोडून प्रथम अगदी थोडा आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने जोर दिला. कट्ट असा एक आवाज झाला आणि प्लग हलला. रॅचेट येथे मुद्दाम वापरले नाही, कारण अशा झटक्याने त्याचे आतील दात तुटतात.

प्रकरणाची दिशा ठरवणारी गोष्ट यानंतर घडली. फिलर प्लग पूर्ण काढताच तेल आपोआप बाहेर वाहू लागले आणि खाली धरलेल्या घमेल्यात बराच वेळ पडत राहिले. डाव्या ॲक्सलच्या (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलपाशी, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यापाशी, ओल दिसत होती, म्हणजे या गियरबॉक्समधून तेल थोडे थोडे बाहेर जात होते. तेल जाणाऱ्या गियरबॉक्समध्ये पातळी कमी सापडायला हवी. येथे ती जास्त सापडली आणि बाहेर आलेल्या तेलाचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा होता. गियर ऑइल जुने झाले की काळपट होते; ते दुधाळ होते ते केवळ पाणी घुसळले गेल्यामुळे.

ड्रेन प्लगही गरम असतानाच एकदा सैल करून पुन्हा बेताने बसवला आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली. पाणी नसते तर तेल त्याच वेळी गरमागरम सोडून देणे योग्य ठरले असते. पाण्याचा संशय असताना मात्र थंड गाडीवर उलट क्रम उपयोगी पडतो, कारण तेलात न मिसळलेले पाणी तळाशी बसते. सकाळी ड्रेन प्लग काढताच प्रथम दोन-तीन चमचे जवळजवळ नितळ पाणी आले आणि त्यामागून दाट दुधाळ तेल. थंड तेल सावकाश उतरते, म्हणून ते तासाभराहून अधिक वेळ निथळू दिले.

या ड्रेन प्लगच्या टोकाला लोहचुंबक होते. त्यावर करड्या रंगाचा लोण्यासारखा मऊ लेप होता. असा लेप कोणत्याही चाललेल्या गियरबॉक्समध्ये सापडतो आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही. तो दोन बोटांत चोळून पाहिला असता त्यात कण टोचले नाहीत. दाताचा तुकडा, कपची किंवा टोचणारे कण सापडले असते तर तेल बदलण्याचे काम तेथेच थांबवून गियरबॉक्स उघडावा लागला असता. घमेल्यातील तेल उन्हात तिरके धरून पाहिले, तेव्हा पिवळसर चकाकी अगदी थोडी दिसली, म्हणजे पितळी सिंक्रो रिंगांची झीज होती, पण ती वयाला साजेशी होती.

पाणी आले कोठून

चिपळुणात घेतलेली गाडी आणि गियरबॉक्समध्ये पाणी, एवढे ऐकल्यावर वाडीतील प्रत्येकाने 22 जुलै 2021 च्या वाशिष्ठी नदीच्या पुराचे नाव घेतले. शंका गैर नव्हती. परंतु पुरात बुडालेली गाडी आणखी खुणा ठेवते. स्टेपनीच्या खळग्यात, सीटच्या रुळांच्या खाचांत आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या वेढ्यांत बारीक गाळ राहतो, जो कितीही धुतला तरी पूर्ण जात नाही. गालिचे उचलून ही तिन्ही ठिकाणे पाहिली. रूळ स्वच्छ होते, सीटबेल्ट तळापर्यंत ओढून पाहिला तरी त्यावर पाण्याची रेघ नव्हती. शिवाय पुराचे पाणी इतकी वर्षे आत राहिले असते तर चुंबकावरील लेप करडा न राहता गंजाचा तांबूस असता आणि बेअरिंगे केव्हाच ओरडू लागली असती. आतील पाणी ताजे, याच पावसाळ्यातील होते.

उत्तर मालकांच्या रोजच्या रस्त्यात सापडले. मुख्य रस्ता सोडून वाडीकडे उतरताना एक पऱ्या (ओहोळ) लागतो आणि त्यावर जुनी फरशी, म्हणजे पावसात पाण्याखाली जाणारा बुटका पूल, आहे. जून ते सप्टेंबर या काळात त्या फरशीवरून कित्येकदा वीतभर ते हातभर पाणी वाहत असते आणि घर पलीकडे असल्याने त्यातून गाडी घालण्यावाचून इलाज नसतो. चिपळूणहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चढ-उतार करत आलेल्या गाडीचा तापलेला गियरबॉक्स शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर थेट थंड पाण्यात बुडतो. आतील हवा 80 अंशांवरून 40 अंशांवर आली, तर बंद जागेत तिचा दाब सुमारे 11 टक्क्यांनी घटतो. ही घट भरून काढण्यासाठीच गियरबॉक्सच्या माथ्यावर ब्रीदर नावाची छोटी टोपी असते. त्यातून हवा ये-जा करते आणि आत पोकळी निर्माण होत नाही.

या गाडीतील ब्रीदरची टोपी लाल मातीच्या सुकलेल्या थराखाली दडलेली होती. ती बोटाने फिरायला हवी होती. ती जागची हलली नाही. वरून हवा आत येण्याचा मार्ग बंद झाल्यावर आतील ओढ सर्वांत कमकुवत जागेतून बाहेरचे जे असेल ते आत खेचते, आणि ती जागा म्हणजे डाव्या ॲक्सलचे झिजलेले ऑइल सील. ऑइल सीलची ओठासारखी कड आतील तेल बाहेर जाऊ नये अशा बेताने घडवलेली असते. बाहेरून आत येणाऱ्या पाण्याला अडवण्याचे काम ती फार कमी करते. प्रत्येक वेळी थोडे थोडे पाणी शिरत गेले आणि पुढच्या फेरीत गियरांनी ते तेलात घुसळून टाकले. अशा परिस्थितीत नुसते तेल बदलून गाडी पुन्हा रस्त्यावर आणली असती, तर पुढच्या पावसाळ्यात हेच प्रकरण पुन्हा लिहावे लागले असते.

कोणते तेल

शृंगारतळीच्या दुकानात गियर ऑइल मागितले की पहिला प्रश्न येतो, "90 नंबर ना?" हा शब्द इतका रुळला आहे की डब्यावर आणखी काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. गाडीच्या पुस्तिकेत 75डब्ल्यू-90 (तेलाच्या दाटपणाचा वर्ग) आणि एपीआय जीएल-4 (तेलाची प्रत) असे स्पष्ट लिहिलेले होते. एकेरी 90 आणि 75डब्ल्यू-90 ही तेले पूर्ण तापल्यावर सारख्या वर्गात बसतात, पण 40 अंशांना एकेरी 90 साधारण दुप्पट दाट असते. गुहागरला थंडी ती कितीशी, मग 75डब्ल्यूची गरज काय, असा प्रश्न दुकानदाराने विचारला. प्रश्न रास्त आहे, पण या गाडीची तक्रारच मुळी सकाळच्या पहिल्या काही किलोमीटरची होती, आणि तेथे दाट तेल घालणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे.

जीएल हा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे. जीएल-5 हे जीएल-4 पेक्षा वरचे, म्हणून चांगले, असा समज सर्वत्र आढळतो. जीएल-5 मुख्यतः मागच्या ॲक्सलमधील हायपॉइड गियरांसाठी असते, जेथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात. त्यासाठी त्यात गंधक व फॉस्फरसयुक्त पदार्थांचे प्रमाण जास्त ठेवलेले असते. हे पदार्थ काही तेलांत पितळेला खातात. शिवाय सिंक्रो रिंगेचे काम घर्षणावर चालते: ती शंकूवर घट्ट धरते तेव्हाच दोन भागांचे वेग जुळतात. अति निसरड्या तेलात ती धरत नाही आणि गियर करकरतो. "90 नंबर" या नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात, त्यामुळे डब्यावरील बारीक अक्षरे वाचण्याला पर्याय नाही. पुस्तिकेप्रमाणे क्षमता सव्वादोन लिटर होती. आम्ही चिपळूणहून योग्य प्रतीचे 5 लिटर आणले.

दुप्पट आणण्याचे कारण धुलाई. दुधाळ तेलाचा बराच अंश गियरांना, बेअरिंगांना आणि डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यांत चिकटून राहतो. वाडीतील जाणत्यांचा सल्ला रॉकेल किंवा डिझेल घालून धुण्याचा होता. तो आम्ही मानला नाही, कारण ते पूर्ण निथळत नाही आणि नवे तेल पातळ करते, आणि एवढ्या पातळ द्रवात भार घेऊन फिरलेली बेअरिंगे खरडतात. धुण्यासाठी सर्वांत सुरक्षित द्रव म्हणजे त्याच प्रतीचे तेल. ड्रेन प्लग नव्या वायसरसह बसवला, आणि तो आवळताना हाताला लगाम घातला, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की साध्या प्लगचे काम कवचाच्या दुरुस्तीवर जाते. बॉनेटमधून खाली सोडलेल्या पारदर्शक नळीच्या टोकाला नरसाळे लावून तेल भरले. फिलरच्या कडेवरून ते बारीक धारेने सांडू लागले, धार थेंबांवर आली, तेव्हा प्लग लावला. ब्रीदर काढून पेट्रोलने धुतला आणि तोंडाने फुंकून हवा जाते याची खात्री केली.

या तेलावर गाडी तीसेक किलोमीटर फिरवली आणि पुन्हा ठोकळ्यांवर घेतली. उतरलेले तेल नवे असूनही धुरकट दिसत होते, म्हणजे धुलाई वाया गेली नव्हती. गियरबॉक्स रिकामा असतानाच मिस्त्रींना घरी बोलावून डावे ऑइल सील बदलून घेतले. त्यासाठी ॲक्सल बाहेर ओढावा लागतो, तो काढला की तेल वाहते, त्यामुळे सील आणि तेल यांचे काम एकाच वेळी करणे शहाणपणाचे असते. ॲक्सल काढण्याचे काम घरी शिकत शिकत करू नये असे माझे मत आहे. तेथे हब आणि बॉल जॉइंट यांचा संबंध येतो आणि चूक थेट चाकाशी जाऊन भिडते. मग उरलेले तेल भरून पातळी पुन्हा तपासली.

हा सर्व क्रम हाताने गियर बदलायच्या गाडीचा आहे. सीव्हीटी (ठरावीक गियरांऐवजी सलग बदलणारी यंत्रणा) किंवा पूर्ण ऑटोमॅटिक गाडीत तेलाची प्रत वेगळी, पुष्कळदा पातळीही ठरावीक तापमानाला आणि चालू इंजिनावर पाहायची असते. ते काम अंगणातले नाही. एएमटी गाडीचा, म्हणजे क्लच आणि गियर यंत्राने आपोआप बदलणाऱ्या गाडीचा, गियरबॉक्स आतून साधाच असतो, पण गियर बदलणाऱ्या यंत्रणेत काही गाड्यांत स्वतंत्र तेल असते, ते यात मिसळू नये.

उरलेले तेल आणि उरलेला आवाज

उतरलेले तेल फाटकाच्या खांबांना वाळवीसाठी लावायला मागणारे दोघे-तिघे आले. ते दिले नाही. या घराची विहीर अंगणापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि जांभा पाण्यासारखाच तेलालाही वाट देतो. खांबावरचे तेल पहिल्या पावसात जमिनीत आणि तेथून विहिरीकडे जाते. वापरलेले तेल 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येते आणि त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून उत्पादकांवरही टाकलेली आहे. दोन्ही वेळचे तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेले तेल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या गॅरेजला दिले. दुधाळ तेलाचा कॅन वेगळा ठेवला, कारण पाणी मिसळलेले तेल चांगल्या वापरलेल्या तेलात ओतलेले त्यांना चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर दुसरा गियर दोन बोटांनी पडला. तिसऱ्या गियरमधील सूर मात्र गेला नाही, थोडा मंदावला एवढेच. पाण्याने बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि कड्यांवर एकदा खड्डे पाडले की कोणतेही तेल ते भरून काढत नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, असे झाले तर आत येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगकडे पाहावे लागते. या गाडीत तसे नव्हते, आवाज भाराखाली तिसऱ्यातच होता. गियरबॉक्स उघडण्याचा खर्च आणि गाडीचे वय यांचा हिशेब मांडून मालकांनी ती तशीच वापरण्याचे ठरवले. सूर दुसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्येही ऐकू येऊ लागला, किंवा चुंबकावर टोचणारे कण आले, तर गियरबॉक्स उघडायचा. तोपर्यंत दर पावसाळ्यानंतर फिलर प्लग काढून करंगळी आत घालायची, तिला लागलेल्या तेलाचा रंग पाहायचा आणि ब्रीदरची टोपी बोटाने फिरते का ते बघायचे. फरशीवर पाणी असेल त्या दिवशी मालक आता गाडी अलीकडच्या वळणावर उभी करतात आणि ती निवल्यावर पलीकडे नेतात.